बसआजीच्या सांध्यांना तेल

६ जानेवारी

विहीणबाई,

नमस्कार करते. मनापासून की रीत म्हणून, ते पत्र वाचून तुम्हीच ठरवा.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. जन्मभर बसमध्ये "पुढे सरका, पुढे सरका" करून तुम्हाला सवयच लागली आहे, समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तुम्ही त्याला पुढे सरकवता. पत्रात ती सोय नाही. शेवटपर्यंत वाचावंच लागेल.

मुद्द्यावर येते. ठकी तुमच्याकडे गेली ती पावसाळा सरताना. "जुनी बस दुरुस्त करायची आहे आज्जी, गाडी रस्त्यावर आली की मी आलेच," असं सांगून. मी हो म्हटलं. का म्हटलं ते मलाच कळत नाही. तिची आई, म्हणजे माझी लेक, आणि तिचा बाप, म्हणजे तुमचा दिवटा, दोघं नोकरीपायी परमुलखात गेले तेव्हा ठकीला दातसुद्धा नव्हते. ते आले ते माझं बोट चावत आले. गोवर माझ्याकडे, शाळा माझ्याकडे. पोरगी मोटारदुरुस्ती शिकते म्हणाली तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली, तुम्हीसुद्धा. शिक म्हणाले ती मी. आणि हाताला कसब आल्यावर ती कुठे? तर तुमच्याकडे.

तेही गिळलं असतं. पण काल फोन केला, तर मागे ही ठोकाठोक, आणि ठकी ओरडून सांगते, "आज्जी, नंतर बोलते गं, बसआजीच्या सांध्यांना तेल घालतेय! फार आखडलेत बिचारीचे!" आणि फोन बंद.

बसआजी म्हणजे तुम्ही. बोलायला लागल्यापासून ती तुम्हाला बसआजी म्हणते आणि मला नुसती आज्जी. तुम्हाला हुद्दा, मला नाही. ते एक असो. पण माझे गुडघे काय लोण्याचे आहेत? इतकी वर्षं घरात राहून पोरीने त्यांना तेलाचा थेंब लावला नाही. एकदा म्हटलं, चोळून दे गं जरा, तर म्हणाली, "आज्जी, हाताला ग्रीस आहे." तुमच्याकडे ग्रीस नसतं वाटतं?

बस कधी पुरी होणार आणि पोरगी कधी येणार, एवढं लिहा. बाकी तुमच्या तब्येतीचं नाही लिहिलंत तरी चालेल.

तुमच्या सुनेची आई


१७ जानेवारी

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. शेवटपर्यंत वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं.

तेलाचं म्हणाल, तर पोर करते हो खरं. कोणी सांगावं लागत नाही, आपणहून करते. सकाळी डोळा उघडला की आधी बसआजी. कुठे आखडलंय, कुठे कुरकुरतंय, सगळं हात लावून बघते. परवा तर कढत पाण्याने अंघोळ घातली, साबणाने घासून, मग मऊ फडक्याने कोरडं केलं आणि उन्हात ठेवलं. शेजारची माणसं बघायला आली होती. म्हणाली, नशीब काढलंय बसआजीनं. मीही मान डोलावली.

तुमच्या गुडघ्यांचं ऐकून वाईट वाटलं. मोहरीचं तेल लावून बघा. स्वतःच.

बस पुरी व्हायला वेळ आहे. तुम्हाला वाटतं तसं ते खेळणं नाही. आमच्या वेळची गाडी आहे, पुढे नाक आलेली, इंजिन अर्धं त्या नाकात, अर्धं ड्रायव्हरच्या शेजारी डब्यात बंद. हिवाळ्यात त्या डब्यावर बसायला माणसं भांडायची. मी ह्याच गाडीवर कंडक्टर होते. बाजारामागच्या शेडमध्ये तशा आणखी जुन्या गाड्या उभ्या आहेत, पण जीव हिच्यात जास्त आहे असं ठकी म्हणते. इंजिन सुरू झालं. राहिल्या त्या सीटा. रेक्झिन फाटून आतला काथ्या बाहेर आलाय, आणि तसं जाड काम शिवणारं माणूस सापडत नाही. शेडचे मुकादम म्हणतात, सीटांशिवाय गाडी बाहेर काढणार नाही. तेव्हा तुम्ही घाई करू नका. मिळेल कोणीतरी उन्हाळ्यापर्यंत. नाहीतर पुढच्या वर्षी.

तुमच्या जावयाची आई


२५ जानेवारी

विहीणबाई,

पुढच्या वर्षी? तोवर पोरगी तिथेच ठेवायचा बेत आहे होय तुमचा? बराय. बेत कळला.

शिवणारं माणूस सापडत नाही, हे तुम्ही मला लिहिता? उभी हयात मी ताडपत्रीवाल्याच्या दुकानात मशीन मारली. तंबू शिवले, ट्रकांची आच्छादनं शिवली, एकदा एका माणसाने नावेचं शीड आणलं तेही शिवलं. आणि तुमच्या चार सीटांना खोळ घालायला माणूस मिळत नाही! मिळू द्यायचं नसेल तर कसं मिळेल?

मापं पाठवा. रेक्झिन इथे मी बघते. सीटा झाल्या, गाडी निघाली, ठकी घरी. मग बसआजीला अंघोळ घालायला दुसरं कोणी बघा.

काल परत फोन केला होता. पोरगी इतकी खुशीत, की मला वाटलं येते म्हणून सांगायला बसलीय. तर म्हणाली, "आज्जी, बसआजीला लाल रंग दिला! काय दिसते म्हणून सांगू, नवी नवरी!" विहीणबाई, मी काही जुन्या वळणाची नाही, पण ह्या वयात लाल? ओठांना की नखांना? दोन्हीकडे असेल तर एकीकडचा तरी पुसा. चारचौघांत जाता.

सुनेची आई


२ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

लाल रंग सगळीकडेच दिलाय. मला तरी शोभून दिसतोय असं वाटलं. लोक वळून बघतात.

मापं मागितलीत ती देते. बसायची सीट लांबीला चार विता, रुंदीला दोन विता आणि वर चार बोटं. पाठ त्याहून थोडी कमी. कडेला गोल वळण आहे, ते अंदाजाने घ्या.

ठकी आत्ताच जेवून उठली. बसआजीशिवाय तिला दुसरा विषय नाही. जेवतानासुद्धा तेच.

जावयाची आई


१४ फेब्रुवारी

विहीणबाई,

वीत कोणाची? तुमची की माझी? तुमचे हात मी लग्नात बघितलेत, आहेर घेताना चांगले लांब होते. अंदाजाने घ्या म्हणे! अंदाजाने पिशवी शिवतात, सीट नाही. अंदाजाने शिवलं असतं तर एक खोळ ढगळ, एक उसवलेली, सगळं परत, आणि पोरगी आणखी दोन महिने तुमच्या पायाशी. हुशार आहात. पण मीही काल जन्मले नाही. मुकादमांना मी सरळ कार्ड टाकलं, त्यांनी सीटेवर वर्तमानपत्र पसरून नमुने कापून पाठवले. तुम्ही कशी मापं दिलीत ते वाचून फार हसलो, असंही त्यांनी कळवलंय. त्यांचं काही सांगता येत नाही, तुम्हाला विचारतीलही.

खोळी शिवून झाल्या. गठ्ठा आजच मालगाडीने निघाला. हिरव्या आहेत, कडेला काळी पट्टी, दुहेरी टाका. माणूस फाटेल, टाका फाटणार नाही. मशीनची सुई मोडली, पाठ गेली, गुडघ्यांचं तर नावच काढू नका.

आता एक नाजूक गोष्ट. तोंडावर बोलले नसते, पण पत्र तुम्ही एकटीच वाचता. काल ठकी रडकुंडीला आली होती. म्हणाली, "आज्जी, बसआजीचं सगळं छान झालं गं, पण खालून गळतंय. दिवसभर फडकी लावते, तरी रात्रीत जमिनीवर थारोळं." विहीणबाई, वयाला कोणाचं चुकत नाही. लाजू नका. पण पोरीला हे करायला लावू नका हो, तरुण जीव आहे. गठ्ठ्यात मी मऊ जुन्या लुगड्यांच्या घड्या ठेवल्यात, मोठ्या आकाराच्या. आणि रेक्झिनचा एक तुकडा उरला होता, तो गादीखाली घालायला होईल.

हे मी वैर विसरून लिहिलंय. याची आठवण ठेवा.

सुनेची आई


२३ फेब्रुवारी

विहीणबाई,

रेक्झिन तुमच्या गादीखाली घाला!

माझं काही गळत नाही. माझे सांधे तुमच्यापेक्षा चांगले आहेत. मी ओठ रंगवत नाही. अहो, बसआजी म्हणजे ती बस! शेडमधली सगळ्यात जुनी गाडी. मी तिच्यावर नोकरी केली म्हणून ठकीने माझं नाव तिला दिलं, आणि आता सगळी शेड तेच म्हणते. तेल तिला, अंघोळ तिला, रंग तिला, आणि गळतंय तेही तिचंच, इंजिनखालचं तेल! गठ्ठा मुकादमांनी शेडमध्ये सगळ्यांसमोर उघडला. वर तुमच्या घड्या, आणि त्यावर तुमच्या अक्षरात चिठ्ठी, "बसआजीच्या गळतीसाठी". ठकीला वाटलं गाडीसाठीच पाठवलं. आज्जीचं किती लक्ष असतं बघा म्हणून ती सगळ्यांना दाखवत सुटली. माझं मेलीचं तोंड कुठे लपवू असं झालं.

पहिल्याच पत्राला मला खरं लिहिता आलं असतं. नाही लिहिलं. तुम्ही जळता आहात, माझ्यावर, हे मला पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटलं. तुम्हाला त्याचं काय! पोरगी इथे आल्यापासून मी काय ऐकते माहीत आहे? आज्जीचा चहा असा लागत नाही. आज्जी पोळी अशी दुमडत नाही. आज्जी असती तर त्या दुकानदाराची एका वाक्यात जिरवली असती. माझ्या घरात राहून, माझ्या ताटात जेवून, दिवसभर तुम्ही. उरलेला वेळ ती गाडी. उजाडायच्या आत जाते, येते ती भिंतीला धरून झोपायला. मला तेल? मला तिने "कशी आहेस" म्हणूनही विचारलेलं नाही. आणि तुम्हाला वाटत होतं मी सिंहासनावर बसलेय. बसू दिलं मी तुमच्या डोक्यात स्वतःला. बरं वाटलं.

आता दुसरं सांगते, तेही ठकीच्या आधी, कारण ती सांगायला घाबरते. गळती बंद झाली. सीटा बसल्या. मार्चच्या दुसऱ्या रविवारी गाडी रस्त्यावर येतेय. आणि शेडमधल्या बाकीच्या गाड्या दुरुस्त करायला मुकादमांनी ठकीला कायमची ठेवायचं ठरवलंय. तिला हवं आहे. पण ती म्हणते, आज्जीला शब्द दिलाय. आज्जी नको म्हणाली तर मी परत जाईन, आणि आज्जी विचारल्याबरोबर नको म्हणेल, म्हणून विचारतच नाही.

तेव्हा या. बघा. आणि काय ते तुम्हीच सांगा तिला.

जावयाची आई

ता. क. खोळी चांगल्या झाल्यात. माझी इच्छा नव्हती.


१ मार्च

विहीणबाई,

बसला आजी म्हणतात हे मला कोण सांगणार होतं? तुमच्याकडे सगळंच उफराटं.

आधी मला खूप हसू आलं. मग कायमची ठेवणार ते वाचलं आणि हसू गेलं. म्हणजे तेल बसला, पण पोरगी तुम्हाला. नफ्यात तुम्हीच.

येते. सकाळच्या गाडीने येईन आणि संध्याकाळच्या गाडीने जाईन. तुमच्याकडे मुक्काम नाही. ठकीला यातलं मला काही माहीत आहे असं भासवू नका. आणि तिने विचारलं तर मी काय सांगणार ते मला विचारू नका. मला स्वतःला माहीत नाही, पण बहुतेक नको म्हणेन.

सुनेची आई


१२ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

न सांगता गेलात. गाडी शेडमध्ये लागली, लोक टाळ्या वाजवत होते, मी वळून बघते तर तुमची सीट रिकामी. ठकी हात न धुता तशीच स्टेशनवर पळाली. तोवर तुमची गाडी सुटली होती. फोनही उचलत नाही तिचा.

परत आल्यापासून पोरगी शेडला गेलेली नाही. बसून आहे. "आज्जी चिडली," एवढंच म्हणते. आज सकाळी तिने कपाटातले कपडे पिशवीत भरायला घेतले. मी अडवलं नाही. मला तर ती इथे राहायला हवी आहे, तरी अडवलं नाही, कारण तसली ठकी मला घरात बघवत नाही.

हो किंवा नाही. एक शब्द लिहा.

जावयाची आई


१६ मार्च

विहीणबाई,

एका शब्दात बोलायला मी घंटी नाही. दम धरा आणि वाचा.

मी का गेले ते सांगते. सकाळी मी गाडीत चढले तेव्हा ठरवूनच चढले होते, नको म्हणायचं. पहिल्या सीटेवर बसले, माझ्याच हातच्या खोळीवर. मागच्या सीटेवरच्या एका गृहस्थाने छत्रीचं टोक रेक्झिनमध्ये रोवलेलं, त्याला मी उतरवणार होते, तुम्ही मधे पडलात. मग तुम्ही दोरी ओढून डबल बेल दिलीत आणि गाडी निघाली. गाडी चालवत होती ठकीच, तिने वरच्या आरशात बघितलं. कोणाकडे? तुमच्याकडे. प्रत्येक स्टॉपवर तेच. तुमची एक बेल, ती थांबते. दोन बेल, ती निघते. मी तिच्या पाठीमागे हाताच्या अंतरावर बसलेय, आणि ती आरशात बघते ती मागच्या दारातल्या म्हातारीकडे. मी मनात म्हटलं, थांब, उतरल्यावर सांगते तुला हो की नाही.

मग तो चढ आला, आणि गाडी धापा टाकून उभी राहिली. लोक उतरले. कोणी फोटो काढत होते, कोणी चहा शोधत होते. ठकी खाली उतरली, नाकाचं झाकण उघडलं आणि कोपरापर्यंत आत गेली. तुम्ही दारातून पुढे आलात आणि माझ्या शेजारी बसलात. दोघी काचेतून बघत होतो. पोरगी गाडीशी बोलत होती. "थांब गं, होतंय, जरा धीर धर." तोंडावर काळं, कपाळावर घाम, आणि त्या तोंडावर जे होतं ते मी माझ्या घरात कधी बघितलं नाही. खरं सांगा, तुम्ही तुमच्या घरात बघितलंय?

मग इंजिन लागलं. तिने झाकण बंद केलं, मान वर केली, आपल्या दोघींना काचेत बघितलं आणि काय म्हणाली? "अगंबाई, आहात होय तुम्ही दोघी? मला वाटलं उतरून गेलात."

हसून म्हणाली. तुम्हीही हसलात. मला हसू आलं नाही. इतके महिने मी तुमच्यावर जळले, तुम्ही माझ्यावर जळलात, पत्रांवर पत्रं खर्ची पडली, आणि पोरीला आपण गाडीत आहोत की नाही हेही ठाऊक नव्हतं. त्या लाल सटवीने आपल्या दोघींनाही उतरवलं होतं. अशा वेळी टाळ्यांना थांबून काय करू? तोंड सांभाळता येईना म्हणून निघाले. चिडले होते, पण ठकीला वाटलं त्या कारणाने नाही. घरी येऊन फोनही बंद करून ठेवला, कारण आवाजावरून ठकीला सगळं कळतं, ती सवय मीच लावलीय.

इथे आल्यावर घर झाडलं. तिची खोली झाडली. तिची पाने-पक्कडांची पेटी होती ती पुसून ठेवली, तीच पेटी तीनदा पुसली. मग मशीनवर बसले, तर शिवायला काही नव्हतं. विचार केला, पोरीला नको म्हटलं तर ती येईल. शब्दाची पक्की आहे. इथे कोपऱ्यावरच्या गॅरेजात स्कूटर उघडेल, रात्री माझ्यासमोर जेवेल, पोळी बरोबर दुमडली म्हणेल. आणि तेव्हा तिच्या तोंडावर काय असेल? परवा तुम्ही लिहिलंत ना, तसली ठकी बघवत नाही. तुम्हाला चार दिवसांत बघवेना. मी जन्मभर कशी बघू?

तेव्हा राहू दे तिला तिथे.

पण तुम्हाला वाटत असेल की मी इथे गुडघे धरून बसेन आणि तुम्ही आठवड्याला फोनवर सांगाल ठकी काय जेवली, तर ते विसरा. दुरून जळण्यात अर्थ नाही. सगळं अर्धवट ऐकू येतं, बसला माणूस समजून बसते मी. जळायचंच तर जवळ येऊन, नीट डोळ्यांनी बघून जळेन.

माझ्यासाठी खोली बघा. तळमजल्याची, मशीन मावेल एवढी. तुमच्या घरात राहणार नाही आणि तुमच्या गल्लीतही नको, तुमचा आवाज येतो. पण शेडपासून तुमचं घर जितकं लांब आहे त्याहून माझी खोली जवळ हवी. एक पाऊल का होईना. म्हणजे दुपारी भूक लागली की पोरगी कुणाकडे वळते ते बघू. मुकादमांना मी कळवलंय, बाकीच्या गाड्यांच्या सीटा मीच शिवणार, शेडमध्ये बसून. त्यांचं उत्तरही आलं. ते म्हणतात, या. तुमच्याइतके ते आढेवेढे घेत नाहीत.

ठकीची पिशवी रिकामी करायला सांगा आणि तिला शेडला पिटाळा. आज्जी हो म्हणाली, एवढंच सांगा. बाकी एक अक्षर नाही. मी येतेय हे ठकीला मी सांगणार. नोकरीची बातमी तुम्ही मला तिच्या आधी दिलीत, ते मी विसरलेले नाही. ही माझी आहे. मी दारात उभी राहिले आणि तिचं तोंड बघून मला कळलं की तिला आधीच ठाऊक आहे, तर विहीणबाई, तुमची खैर नाही.

सुनेची आई